सिंगापूर आणि माझी छाती

व्हय, सांगतो, सांगतो! खुर्ची काय ओढताय, मी पळून चाललोय व्हय? दर खेपंला ह्येच. कुणाचं बारसं असू दे, कुणाची वास्तुशांत असू दे, पंगत उठली, पान तोंडात गेलं की कोपऱ्यातनं कुणीतरी वरडतंयच, "आण्णा, ते सिंगापूरचं सांगा की!" आरं, मी काय गोंधळी हाय? मग संबळ आणा, दिवटी पेटवा! आज तर काय, त्या गुंडूचं पोरगं सिंगापूरला नोकरीला निघालं, त्याच्या निरोपाचं जेवण, म्हणून ह्या म्हाताऱ्याला पोत्यागत उचलून मांडवाच्या मधी आणून ठेवलाय. ह्यात हसण्यासारखं काय हाय ते मला अजून कळलं न्हाय. तुम्ही हसता. हसा. पण मधी बोलायचं न्हाय. आणि त्या पावण्यांना म्होरं घ्या, ते नवीन हायती, तुमची तर पाठ झालीया गोष्ट.

तर पावणं, तुम्हास्नी सांगतो, मी आकाराम पोवार. मिस्त्री म्हणत्यात. चौथी नापास. शिरोलीला फौंड्रीत मोल्डर म्हणून जलम गेला, लोखंडाचा रस साच्यात वतायचा, त्या भट्टीम्होरं उभं राहून राहून ही छाती अशी झालीया की घण मारला तर घणाचा दांडा मोडंल. ध्यानात ठेवा. छाती चांगली हाय. पयल्यापास्नं चांगली हाय. गावाला विचारू नका, गाव खोटं सांगतंय.

सगळं सुरू केलं ते आमच्या हंबीररावानं. हंबीरराव म्हणजे माझा मेव्हणा, आमच्या मंडळींचा धाकटा भाऊ. मशीनचे पार्ट विकायला मद्रासकडं फिरायचा, नि येताना तिकडचं काहीबाही घिऊन यायचा, कधी अगरबत्ती, कधी अक्कल. दिल्लीत ते एशियाड झालं न्हवं, त्याच्या म्होरल्या वर्षी एक क्यालेंडर घिऊन आला. सिंगापूरचं. त्यात एका बागेचं चित्र. बाग म्हणजे झाडं न्हवंत हो! मोठमोठे पाळणे, फिरती घोडी, डोंगरावनं सुसाट खाली येणारी आगगाडी, त्यात माणसं हात वर करून वरडत्यात, आणि खाली लोक पैसे दिऊन वरडायला रांगंत उभी.

मी म्हटलं, "जत्रा हाय म्हण की."

"जत्रा, पण बारमाही, दाजी. एकदा तिकीट काढायचं, दिसभर कशातबी बसायचं."

"देव कुठला?"

"देव न्हाय."

"मग नारळ कुठं फोडायचा?"

"तिथं नारळ फोडत न्हाईत. तिथं मजा करत्यात."

"नुसती?"

"नुसती!"

आता नुसती मजा करायला समुद्र वलांडून जाणारा माणूस मी तरी बगितला न्हवता. मी क्यालेंडर गुंडाळलं, त्याच्या हातात दिलं, म्हटलं, च्या घे नि सुट. पण तवर आमची मंडळी, बायडाबाई, चुलीम्होरनं उठून आलती. हाताला पीठ. तिनं क्यालेंडर सोडून बगितलं. लई वेळ बगितलं. तव्यावर भाकरी करपली तरी बगत ऱ्हायली, नि मग पिठाचं बोट त्या मोठ्या पाळण्यावर ठेवून म्हणली, "मी ह्यात बसणार."

तुम्हास्नी सांगतो, ह्या बाईनं लगीन झाल्यापास्नं माझ्याकडं काय मागितलं न्हवतं. मागितलं असंल तर मीठ सपलंय, इतकंच. आणि पाळण्याचं म्हणाल तर तिची एक गोष्टच व्हती. बारकी व्हती तवा जत्रंत बापाकडं हट्ट केला, बाप म्हणला, नवरा बसवील. लगीन झालं, तर माझी आई म्हणली, सुनबाई पाळण्यात बसून लुगडं उडवणार व्हय? मग पोरं झाली. पोरं पाळण्यात, दीर पाळण्यात, नणंदा पाळण्यात, आणि ही खाली. कशाला? तर चपला राखायला! वर चपला घालून बसलं तर पडत्यात न्हवं. सगळ्या खानदानाच्या चपला पदरात घिऊन ही मान वर करून बगत उभी. मीबी चपला तिच्याकडंच द्यायचो. मग कुणाकडं देणार?

मी म्हटलं, "आगं, पाळणाच पायजे तर जोतिबाच्या जत्रंत बस. यष्टीनं जाऊन यष्टीनं ये."

तर म्हणती, "हितं कोण बसू देणार? सगळी वळखीची. म्हातारी पाळण्यात बसली म्हणून गल्ली वरीसभर हसंल. तिथं मला कोण वळखतंय?"

आता बोला! माणूस परदेशी जातंय नाव काढायला. आमची बाई निघाली कुणी वळखू ने म्हणून.

मी म्हटलं, आपली ऐपत न्हाय. बस्स, ह्या एका शब्दावर हंबीरराव उडी मारून उभा ऱ्हायला, मांडीवर थाप मारली नि म्हणला, "स्वस्तात होतंय की, दाजी!"

ते "स्वस्तात होतंय" मी मरंस्तवर इसरायचा न्हाय.

इमान न्हाय म्हणला, बोट. मद्रासहून सिंगापूरला बोट जाती. बोटीत खोली न्हाय, वरचा डेक. आपली वाकळ आपण न्यायची, आभाळाखाली पसरायची. स्वस्तात होतंय! तिथं ऱ्हायला लॉज न्हाय, निपाणीकडचा कोण तंबाखूवाला तिथं ऱ्हातोय, त्याच्या दुकानात दुकान बंद झाल्यावर झोपायचं नि उघडायच्या आत उठायचं. स्वस्तात होतंय! जेवण इकत घ्यायचं न्हाय, घरनं न्यायचं. मग काय, आमच्या मंडळींनी चटणीचा घाट घातला. लाल मिरची भाजली, कांदा, लसूण, खोबरं, उखळात कुटलं, सगळी गल्ली ठसकत बाहीर. शेजारचा मास्तर नाकाला उपरणं लावून दारात आला, "आण्णा, चटणी हाय का लढाई हाय?" मी म्हटलं, "सिंगापूर हाय." भडंग झालं, दशम्या झाल्या, शेंगदाण्याची पोळी झाली. एवढं खाणं झालं की ते न्यायला आणि चार माणसं लागली असती, नि त्या चार माणसांच्या खाण्याला आणि...

पासपोर्टचा फोटो काढायला गेलो. हंबीरराव म्हणला, येगळायेगळा कशाला, एकच काढू समद्यांचा! मी, मंडळी, पोरगा बाळासो, सून, दोन नातवंडं, मागं पडदा, पडद्यावर ताजमहाल, मी फेटा बांधून मधी, कोल्हापुरी पायतान म्होरं दिसंल असं. लई झ्याक फोटो! त्याच्या प्रती काढून समद्यांच्या अर्जाला एकेक लावली. सायबानं माघारी धाडल्या. वर लिवलंवतं की नेमका अर्जदार कुठला ते कळत न्हाय. हंबीरराव म्हणतो कसा, "दाजी, प्रत्येकावर फुली मारून पाठवायला पायजे व्हतं, आपलंच चुकलं."

पण खरी चूक म्होरंच हाय, आणि पावणं, ती चूक आमच्याशिवाय जगात कोण करायचं न्हाय. आमच्याकडं काशीला कुणी निघालं की भावकी वटी भरती. तांदूळ, नारळ, खण, वर एखादं नाणं, "आमच्या नावानं तिथं वाहा" म्हणून. आलं की मग मावंदं घालायचं, गावजेवण. रीत हाय. तर आमच्या भावकीला परदेश म्हटलं की म्होरचं दुसरं काय सुचंना! काशीपेक्षा लांब हाय म्हणजे काशीपेक्षा मोठंच असणार! बाया यायला लागल्या. वटी भरायला लागल्या. खण, नारळ, तांदूळ, "बायडाक्का, आमच्या नावानं तिथं एक नारळ वाहा." मी सांगतोय, आगं, तिथं देव न्हाय, पाळणं हायती! तर एक म्हातारी मलाच म्हणली, "मिस्त्री, एवढ्या लांब देव नसल्यावर माणसं कशाला जातील?" ह्याला उत्तर तुम्हाला सुचतंय?

नारळांनी घराचा म्होरचा सोपा भरला. आणि वटी घेतली म्हणजे सुटका न्हाय, ध्यानात घ्या. ते नारळ आता लोकांचे. जायालाच पायजे.

निघायचा दिस उजाडला. टेसनावर हलगी आणलीवती हंबीररावानं, घुमकं, कैताळ! मला फेटा, हंबीररावाला फेटा, नातवंडांना फेटे, हमालालाबी फेटा, कारण नारळाची पोती तोच उचलणार. तालमीची पोरं, फौंड्रीतली पोरं, सगळी भावकी, पाया पडणं, हळदीकुंकू, हारानं माझं तोंड दिसंना. गाडी लागली. मिरजंला उतरून म्होरं मद्रास धरायची. सामान चढलं. बाळासो चढला, सून चढली, पोरं चढली. मी पायरीवर एक पाय ठेवला, मागं हात केला, म्हटलं, चल.

मंडळी हलंना.

डबा हातात, खांबाला टेकून उभी. मी म्हटलं, "आगं, चल की!" तर बारीक आवाजात म्हणली, "ह्यांच्या छातीत दुखतंय."

कुणाच्या? मी मागं बगितलं. मागं कोण न्हाय. ह्यांच्या म्हणजे माझ्या! आता आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाय, ह्यांच्या म्हटलं की ह्यांच्याच. मी म्हटलं, माझ्या? कवा? तर तिनं डोळं मिटलं नि आणि एकदा म्हणली, मोठ्यानं, "ह्यांच्या छातीत दुखतंय! उतरवा समद्यांस्नी!"

झालं. हलगी थांबली. हंबीररावानं बोंब ठोकली, "दाजींना धरा! दाजींना धरा!" तालमीची पोरं आली, मला उचललं. मी वरडतोय, सोडा, सोडा की, मला काय झालं न्हाय! तर एक शाना म्हणतो, "छातीत दुखणारं माणूस असंच बोलतंय." फेट्यासकट, हारासकट, मला हातगाडीवर आडवा घातला, ज्या हातगाडीवर नारळ आणलेवते तिच्यावर, नि टेसनापास्नं दवाखान्यापतोर मधल्या रस्त्यानं वाजत... न्हाय, वाजत न्हवती हलगी, तेवढं बरं झालं. पण घुमकंवाला सोबत पळत व्हता, नि त्याच्या प्रत्येक उडीला ते घुमायचं. गाडी गेली. मद्रासची बोट गेली. हसा. हितं तुम्ही दरवेळी हसता.

दवाखान्यात डाक्टरनं छातीला तारा लावल्या, कागदावर रेघोट्या आल्या. म्हणला, "आजोबा, कागद तर चांगला आहे. होतंय काय नेमकं?" मी तोंड उघडणार, तवर मंडळी म्होरं. "डाव्या बाजूला दाबल्यागत होतंय. मग खांद्यात कळ. मग करंगळीपतोर. पाणी भरलेली घागर उचलली की दम लागतोय. पहाटं घाम फुटतोय, गार घाम." घागर? म्या कवा घागर उचलली? डाक्टर समदं लिवून घेतोय, नि मला म्हणतो, "आजोबा, नशीबवान आहात. इतकं बारीक लक्ष ठेवणारी बायको कुणाला मिळते?" कागदापेक्षा हिचं बोलणं खरं धरलं त्यानं. जिभंखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. मीठ बंद, तेल बंद, मटण बंद.

मी काय बोललो न्हाय. का? तर मला वाटलं, भ्याली. ऐन टायमाला समुद्राला भ्याली, नि भावकीम्होरं, एवढ्या नारळांम्होरं, तिला भ्यालो म्हणायची लाज वाटली. असू दे म्हटलं. आपली छाती घट्ट हाय, एखादी बेअब्रू सोसंल तिला. घेतलं नावावर.

पण पावणं, एकदा घेतलं ते सुटतंय व्हय? त्या दिसापास्नं तांबडा रस्सा बंद! कोल्हापुरात ऱ्हाऊन! आयतवारी गल्लीत समद्यांच्या घरातनं फोडणीचा वास, नि माझ्या ताटात अळणी दुधी. बरं, ती एकटी तरी खाईल का चांगलं? न्हाय, "दोन भांडी कशाला, तुमचंच मी खातो," म्हणायची, नि माझ्याम्होरं बसून अळणीच खायाची. गोळ्या माझ्या, पण तिच्या कंबरंच्या पिशवीत. महिन्याला मला धरून डाक्टरकडं न्यायची, मी स्टुलावर दगडागत बसायचो नि ती सांगायची, ह्यांना ह्या महिन्यात असं झालं, ह्यांना तसं झालं. मला माझं दुखणं डाक्टरबरूबरच कळायचं! गाव तर काय, "सिंगापूरचा धसका घेतला म्हाताऱ्यानं." फौंड्रीत पोरं साचा उचलू देईनात. "आण्णा, तुम्ही बसा. तुमची छाती." तीस वरीस ज्या भट्टीला तोंड दिलं, तिच्याम्होरं मला स्टूल!

नारळांचं काय करायचं? दुसऱ्यांचे नारळ घरात ठेवणं बरं न्हवं. मग दत्तजयंतीला नृसिंहवाडीला नेले नि संगमावर एकेकीचं नाव घिऊन सोडले. तिथं जत्रंत पाळणा लागलावता. लाकडी, दोन माणसं हातानं फिरवणारी. मी म्हटलं, "बस. हितं वळखीचं कोण न्हाय. मी चपला धरतो." खरंच धरल्या हातात तिच्या. तिनं वर बगितलं. लई वेळ बगितलं. मग म्हणली, "नको. तुमच्या छातीला सोसायचं न्हाय." मी पेटलो! म्हटलं, बसणार तू, सोसायचं मला? माझ्या छातीला काय झालंय? तिनं चपला घेतल्या माझ्या हातातनं, पायात घातल्या, नि चालाय लागली. दहा पावलं चालायची नि थांबायची. थांबली की म्हणायची, "तुम्ही दमला असाल, टेका जरा."

हितपतोर तुम्ही हसता नि उठता. आज बसा जरा. गुंडूचं पोरगं लांब निघालंय, त्यानं तर ऐकावंच.

म्होरल्या उन्हाळ्यात ती पडली. घागर घिऊन, दारातच. त्याच दवाखान्यात नेली, त्याच डाक्टरनं तारा लावल्या, नि ह्या खेपंला त्याचं तोंड उतरलं. म्हणला, हे जुनं दुखणं आहे, यांना त्रास होत असणार, कुणाला बोलल्या नाहीत? मी आत गेलो. ती जागी व्हती. मला म्हणती, "त्या चादरीची घडी घाला, पायात येतीया." मी घातली. मग, जसं शेजारणीचं काय सांगावं तसं म्हणली, "तवा टेसनावर माझ्याच छातीत दुखत व्हतं."

मी म्हटलं, "मग तसं सांगायचं न्हाय व्हय?"

"कसं सांगणार? समदी जमलेली, हलगी वाजतीया. बायकामाणसानं चारचौघांत छाती धरून खाली बसायचं व्हय? आणि तुमचं दुखतंय म्हटलं की गाडी सोडून समदी उतरली न्हवं? माझं दुखतंय म्हटलं असतं तर हंबीर म्हणला असता, आक्का, आल्याचा तुकडा चघळ नि चढ."

खोटं न्हवतं त्यात काय. हंबीररावानं तेच म्हटलं असतं. मी म्हटलं, "आणि डाक्टरला तरी सांगायचं! माझ्या नावानं का सांगत बसलीस?"

तर ही बया हसली. दम लागत व्हता तरी हसली. म्हणती, "कशाला? तुमच्या नावावर माझीबी गोळी निघत व्हती की. स्वस्तात झालं."

स्वस्तात झालं! सख्ख्या भावाचीच भण!

म्या म्हटलं, आगं, मी मीठ सोडलं, रस्सा सोडला, गावानं मला मोडका ठरवला, निदान चुकलं तर म्हण! म्हणली, "चुकलं कसलं त्यात? तुमची छाती घट्ट हाय." नि कूस बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. कपाळाला कुकू घिऊन गेली, बाया म्हणत्यात, पुण्यवान.

तिची तिरडी उठायच्या वक्ताला मी खांदा द्यायला म्होरं झालो. तर हंबीररावानं मला मागं वढलं. "दाजी, तुमच्या छातीला झेपायचं न्हाय," म्हणून रडत रडत मिठी मारून धरलं. तालमीची तीच पोरं आली, खुर्ची आणली नि मला बसवलं. सांगावंसं वाटलं, आरं, माझ्या छातीला काय झालेलं न्हाय, कवाच न्हवतं! पण तिनं एवढं झाकून नेलेलं, ते मी तिच्याच म्होरं कुठं उघडं करू? बसलो. समद्या गावानं खांदा दिला, मी खुर्चीत.

म्होरं सांगितलं मी हंबीररावाला. भिंतीला डोकं टेकून रडला, पाय धरून माफी मागितली. बाळासोनं मागितली. त्या डाक्टरनंबी घरी यिऊन मागितली, मोठं माणूस. रस्सा मी परत सुरू केलाय, पर मीठ जास्त झाल्यागत लागतंय.

तर अशी हाय गोष्ट. आता खुर्ची उचला, गुंडूच्या पोराला उद्या लवकर उठायचं हाय. आणि पावणं, उद्या कुणी विचारलं की सिंगापूरच्या पायी म्हाताऱ्याची माफी मागायची अजून कोण ऱ्हायलंय, तर एकच नाव सांगा, पुरं सांगा: सौभाग्यवती बायडाबाई आकाराम पोवार.